दाराकडे धर तिला

तंबूत नको, सिर्गा. इथे सगळंच पिवळं दिसतं:
नमदा, कंदिलाची काच, चहावर तरंगणारं लोणी,
माझी बोटंसुद्धा.
दाराकडे धर तिला. उन्हात नको, नुसत्या उजेडात.

तिसरा दिवस ना आज?
कपाळावर बोट टेकवते, जरा दाबते, उचलते.
बोटाखालची कातडी क्षणभर खरं बोलते,
मग रक्त परत येतं आणि तिला गप्प करतं.
नाकाचा शेंडा. छाती. बेंबीभोवती लाली नाही, वास नाही.
श्वास मोजते. थांब गं, हललीस, पुन्हा पहिल्यापासून.
अठ्ठेचाळीस.

बाहेर घोड्या दुभायला बांधल्यात, शिंगरं खिंकाळतायत,
आणि त्या गोंगाटात एल्दियार उभा आहे
एखाद्या फोटोत उभा असावा तसा.

तो झाला तेव्हा फेब्रुवारी होता, खिंड बंद.
मी जीप खाली सोडून घोड्यावरून आले, अंधार पडल्यावर,
आणि खालच्या घरातल्या त्या पिवळ्या बल्बखाली पाहिलं त्याला.
फार झोपतो, तू म्हणालीस.
गुणी आहे, तुझी सासू म्हणाली.
दूध नीट ओढत नाही, असंही कुणीतरी म्हणालं,
आणि मी चहाचा दुसरा प्याला घेतला.

कानाडोळा म्हणतात त्याला.
डोळा माझा. कान त्याचा.

चार दिवसांनी तळहात, तळपाय हळदीसारखे.
नारिनच्या इस्पितळात निळे दिवे.
वाचला, सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

मग दोन वर्षं तो हट्टी होता.
बापावर गेलाय, हाक मारली तर वळत नाही.
सासूने मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून कानात सोडली.
मी ओरडले, पुसलं, बॅटरी धरून आत पाहिलं:
पडदा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, स्वच्छ.
पू असता तर किती बरं झालं असतं!
पू मला ओळखता येतो. ओली उशी, तो वास,
कान ओढत रात्रभर रडणारं पोर.
कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली गेली
तर त्याच रात्री खाली न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.
हे सगळं मला पाठ आहे.
त्याच्या कानात काहीच नव्हतं.
वाट मोकळी, आणि पूल कुठेतरी आत वाहून गेलेला.

हिचं छातीपर्यंत आहे. पोट, पाय बरे दिसतात.
उद्या सकाळी पुन्हा येते, हाच उजेड असताना.
दर दोन तासांनी पाज. झोपली तरी उठव.
शांत आहे म्हणून खूश होऊ नकोस.

तू विचारत नाहीस.
नुसतं कुमिसच्या हंड्यावरचं झाकण
हातातून सुटू देतेस.

पोर दचकतं. दोन्ही हात उघडतात, बोटं पसरतात.

एका आवाजावर मी सही करत नाही, सिर्गा.
पुढच्या आठवड्यात नारिनला ने,
तिथलं यंत्र हळू आवाजात विचारेल, एकेका कानाला.
असं मी म्हणत असते, तू ऐकत नसतेस,

कारण एल्दियार दारात येऊन उभा राहिलाय.
झाकण पडलेलं त्याला कळलं नाही,
हात उघडलेले दिसले.
तो हसतो, आणि तिच्याकडे बघत
आपलेही दोन्ही हात फेकून उघडतो.