अर्धा टक्का

पान एकेचाळीस माझं आहे.
त्यावर माझं नाव नाही, पण
‘समाजाप्रती आमची बांधिलकी’ या मथळ्याखालची
प्रत्येक ओळ मी लिहिली,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
पत्र्याखाली, मे महिन्यात,
टॉवेलांच्या गठ्ठ्यावर कीबोर्ड ठेवून.

गोवर्धनशेठ म्हणाले, लिही काहीतरी छान,
बँकेला हल्ली ताळेबंदाआधी हेच लागतंय.
मी फाइल उघडली.
शाळेला बारा पंखे, त्यातले दोन फिरत नाहीत.
विडीवाल्या बायकांची डोळेतपासणी.
झाडं चारशे.
जिवंत किती, असा रकाना नव्हता.

आणि रंगखान्याचं पाणी?
ते जायचं मागच्या नाल्यात,
सोमवारी निळं, गुरुवारी डाळिंबी,
ऑर्डर असेल तसं.
पलीकडच्या वस्तीत नळ चार दिवसांआड,
नाला मात्र रोज.

मी लिहिलं : चाळीस टक्के पाणी
पुन्हा वापरण्याची योजना प्रगतिपथावर.
प्रगतिपथ फार सोयीचा शब्द.
त्यावर कुणी चालताना दिसावं लागत नाही.

बँकेच्या मुजावर मॅडमनी ते पान वाचलं.
खरंच वाचलं, पेन्सिलीनं खूण केली.
सव्वादहाचा दर पावणेदहा झाला.
तीन कोटींवर वर्षाला दीड लाख.
एका शब्दाचे एवढे पैसे
मला कधी कुणी दिले नव्हते.
मंजुरीपत्राच्या तळाशी, बारीक टाइपात :
पुढच्या मार्चमध्ये प्रत्यक्ष पाहणी.

सकाळी मी इरय्या जॉबरला गाठलं.
शिव्या तेलुगूत, हिशोब मराठीत.
शेडमागं तीन वर्षांपासून त्याचा एक ड्रम होता :
वाळू, कोळसा, भुसा,
वर कांडीयंत्राच्या भंगार मोटरवर फिरणारी जाळी.
“शेठला दाखवलो होतो की.
म्हणाले, ह्याला पैसा कुठला आणू?”

आता पैसा होता.
एका ड्रमचे चार हौद झाले.
फेब्रुवारीत पाणी बाहेर आलं,
फिकट चहासारखं.
इरय्यानं बोट बुडवलं, वास घेतला,
“पहिल्या धुण्याला चालतंय.”

मोजलं. चाळीस नाही, एकतीस.

यंदा मी एकतीस लिहिलं.
शेठनी आकड्यावर नख ठेवलं.
“आपणच कमी सांगायचं?”
“पाहणी आहे,” म्हणाले.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

‘संशोधन व विकास’साठी फोटो हवा होता.
इरय्या इस्त्रीचा शर्ट घालून आला.
डिझायनरनं कापत कापत
हौदाचा काठ ठेवला,
आणि पाण्यात बुडलेलं एक बोट.
नावाला जागा नाही म्हणाला.

मग मी एकतीसवर एक चांदणी टाकली.
पानाच्या अगदी तळाशी,
बँक अटी लिहिते त्या मापाच्या अक्षरात :
इरय्या राजमल्लू यनगंदुल, जॉबर, दुसरी पाळी.

मुजावर मॅडम बारीक टाइप वाचतात.