पट्टा

माझं नाक वाईट.
गोळीबार चौकातल्या सावजी मसाल्याच्या कारखान्यात अकरा वर्षं झाली,
खसखशीचा कुठला घाणा करपायला आला
हे मी भिंतीपलीकडून सांगते.
म्हणून कामठी रोडवर त्या पांढऱ्या गाडीचं दार उघडलं
तेव्हा लिंबाच्या अत्तराखाली
मला नाला भेटला.
ओळखीचा.

हेमराजला म्हटलं, हिच्यात पाणी शिरलं होतं.
तो म्हणाला, तुले तर सगळीकडेच पाणी दिसते.
दलालानं बोनेटवरून फडकं फिरवलं.
"एकहाती गाडी, वहिनी. डॉक्टरची. अंबाझरीकडची.
घर ते दवाखाना, दवाखाना ते घर."
अंबाझरीकडची. त्याच्याच तोंडून निसटलं.
कोणी ऐकलं नाही.
मी ऐकलं,
पण त्याआधी किंमत ऐकली होती:
बाजारभावाहून ऐंशी हजारांनी कमी.
ऐंशी हजारांत चांगल्या नाकालाही सर्दी होते.

टेकडीच्या गणपतीपुढं नारळ फोडला,
चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबावर लिंबू.

मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत,
उजवीकडे वळायची दांडी खाली केली
की वायपर फिरायचा.
कोरड्या काचेवर खरड खरड,
सिग्नलला उभे लोक आमच्याकडं पाहून हसायचे.
पोरगी म्हणाली, बाबा, गाडीले पाऊस आठवून राह्यला.
आम्हीही हसलो.
मग रात्री दोनला हॉर्न, आपोआप, अख्खी गल्ली उठली.
मग एअरबॅगचा लाल दिवा, जो विझेचना.
मग वर्धा रोडवर, जामठ्याच्या पुढं,
इंजिन बंद, दिवे बंद,
स्टिअरिंग दगडासारखं,
आणि मागून संत्र्यांचा ट्रक.
त्याचा ब्रेक चांगला होता, एवढंच.

कय्यूमभाईनं बोनेट उघडलंच नाही.
पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा ओढू लागले,
छातीला लागतो तेवढा,
मग जाड माणसाला लागतो तेवढा,
मग कुणालाच लागत नाही तेवढा.
शेवटच्या वीतभर पट्ट्यावर
मातीची रेघ.
"सगळं धुतलं त्यांनी, भाभी. हे आत गुंडाळलेलं राहून जाते."
तारा आतून हिरव्या झाल्यात म्हणाले,
आज ही जोडली, उद्या ती तुटेल.
विमावाल्यांनी हात झटकलेली गाडी,
दोन राज्यं फिरून, कागद धुऊन आली असेल.
फुगा वेळेला उघडेल का?
त्यांनी वर पाहिलं. वर फक्त पत्रा होता.

ती रेघ मी ओळखत होते.
नाग नदीला आम्ही लग्नपत्रिकेतच नदी म्हणतो, एरवी नाला,
पण त्या सप्टेंबरात ती रात्री घरात आली
आणि स्विचबोर्डापर्यंत चढली.
नंदनवनच्या त्या भिंतीवर
मीच दोन हात डिस्टेंपर मारलाय.
घर विकायचं नव्हतं तरी.
दर थंडीत रेघ वर येते.
पाहुणे आले की मी तिथं खुर्ची सरकवते.

तर, काल उमरेडहून एक जोडपं आलं.
हेमराजनं सकाळीच गाडी पुसली होती,
तीस रुपयांचं नवं अत्तर टांगलं होतं.
"घरगुती वापर," म्हणाला,
आणि माझ्याकडं पाहिलं,
कर्जाचा हप्ता आठवून देणारं पाहणं.
मी चहा आणायला गेले. चहा उतू जाऊ दिला.
परत आले तर बाई पुढच्या सीटवर,
सातवा महिना असावा, पट्टा हातात धरून
कुठून घेऊ, पोटाच्या वरून की खालून, विचारत.

खालून, म्हटलं. थांब, तुले जरा सैल करून देते.
वाकले.
ओढला.
हेमराज म्हणाला, बस झालं.
ओढला.
त्याचं बस झालं पुन्हा ऐकू आलं, हळू.
मी शेवटपर्यंत ओढला
आणि तिच्या मांडीवर ठेवला.

ती काही बोलली नाही.
रेघ नखानं खरवडली.
मग ते नख
नाकाशी नेलं.