कर्ता कोण

आमच्या कंपनीत माफी तयार असते,
फाइलचं नाव : दिलगिरी_अंतिम_३.
'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'
लोअर परळच्या नवव्या मजल्यावरून
मी ती दिवसाला चाळीसदा पाठवते.
फ्रिज बंद पडून ज्यांचं इन्सुलिन वाया गेलं त्यांना,
आणि ज्यांच्या फ्रिजचा नुसता दिवा लागत नाही त्यांनाही.
तेच वाक्य. तोच पूर्णविराम.

'चूक झाली' असंही लिहितो कधी कधी.
शाळेत उकिडवे बाई विचारायच्या,
या वाक्यात कर्ता कोण?
मी उभी राहून म्हणायचे, चूक.
बरोबर, बस खाली.
चूकच कर्ता. ती आपली आपण होते,
ऊन पडतं तशी.

बाबांचं दुकान माहीमला होतं, चष्म्यांचं,
तीन गिऱ्हाइकं आली की भरणारं.
एका मे महिन्यात
एकनाथ घाडीगावकरांच्या चष्म्यात
त्यांनी डावी काच उजवीकडे बसवली.

घाडीगावकर छापखान्यातले निवृत्त जुळारी,
आयुष्यभर उलटी अक्षरं सरळ वाचलेला माणूस.
एकोणीस दिवस त्यांना वाटलं, डोळेच गेले.
पेपर बंद केला.
जिन्याची शेवटची पायरी चुकली, मनगट मुरगळलं.
मग सूनच आली चष्मा घेऊन,
काउंटरवर ठेवला, काही बोलली नाही.

बाबांनी तो यंत्राखाली धरला, वहीत बघितलं,
आणि भर साडेअकराला शटर ओढलं.
मी तेव्हा अकरावीत. काचांची पेटी माझ्या हातात.
प्रभादेवी, चौथा मजला, लिफ्ट नाही.
कोपऱ्यावर मिठाईवाला लागला, मी थांबले.
'चल,' बाबा म्हणाले,
'पेढ्यानं तोंड बंद होतं.
त्यांना बोलायचं असेल.'

दारातच, चपला काढायच्या आधी :
'आकडे मी उलटे लिहिले. काचा मी उलट्या बसवल्या.
तुमचे डोळे होते तसेच आहेत.'
बस्स.
सुट्ट्यांमधली गर्दी, गावी गेलेला कारागीर,
दोन रात्रींचं जागरण (आजी इस्पितळात होती),
सगळं खरं होतं, मला ठाऊक होतं.
त्यातलं काहीच त्यांनी बाहेर काढलं नाही.

मग घाडीगावकर बोलले.
पाऊण तास.
आधी मनगटाचं, मग पेपरचं, मग
रात्री उठून, दिवा लावून,
स्वतःचा पंजा डोळ्यांपुढे धरून बोटं मोजायचो, त्याचं.
बाबा मध्ये 'हो ना' सुद्धा म्हणाले नाहीत.
शेवटी पेटी उघडून नंबर तपासला.
संध्याकाळी चष्मा पोचवला, पैसे परत,
वर हाडाच्या डॉक्टरचं बिल.
रात्री त्याच आठवड्याची पानं काढून
आणखी चौदा घरी फोन.
त्यात एक निघाला.

घाडीगावकर पुन्हा दुकानात आले नाहीत.
मी चिडले होते, एवढं करून?
बाबा काच पुसत म्हणाले,
'माफी काय उधारी आहे, वसूल व्हायला?'

आज मुलुंडहून एका बाईंचं पत्र आलं.
फ्रिज तीनदा दुरुस्त, चौथ्यांदा बंद.
आत आईची महिन्याची इंजेक्शनं.
मी लिहिलं :
'सुटा भाग न बदलताच आम्ही तुमची तक्रार बंद केली.'
कायदा विभागानं लाल करून पाठवलं : बंद झाली.
मी पुन्हा 'केली' केलं.
त्यांनी पुन्हा 'झाली'.

साडेसहा वाजले.
बाजूचा पंखा कुणीतरी बंद करून गेलं.
ग्राहकाचा नंबर शेवटच्या रकान्यात असतो,
तिथवर सहसा कोणी जात नाही.
घंटी वाजते.
एकदा, दोनदा.

'हॅलो,' बाई म्हणतात,
'कोण बोलतंय?'