ढाळ

खराडीत, चौदाव्या मजल्यावर, खिडक्या अजून बसायच्यात.
डबा उरकून सिमेंटच्या गोणीवर टेकतो
आणि मोबाईलवर मिनी गोल्फ काढतो.
स्क्रीनला कोपऱ्यातून तडा गेलाय.
चेंडू तड्याखालून जातो, पलीकडं निघतो,
त्याला काय.

हिरवी फरशी. म्हणजे गवत आहे ते, पण मला फरशीच दिसते.
मध्ये पवनचक्की, पुढं तळ्यावर लाकडी पूल,
शेवटी भोक, त्यात इवला झेंडा.
बोट मागं ओढायचं, जोर मोजायचा, सोडायचं.
लहानपणी नागपूर चाळीत त्या भोकाला आम्ही गल म्हणायचो,
आणि झेंड्यावर वाया घालवायला
कापड नव्हतं कुणाकडं.

लिंबराज म्हणायचा, मिस्त्री, तुम्ही चिटिंग करता.
चिटिंग कसली. बावीस वर्षं न्हाणीघरांना ढाळ देतोय.
पाणी कुठं जाणार हे पाण्याच्या आधी
माझ्या गुडघ्यांना कळतं.
फुटाला दोन सूत, जाळीकडे.
जास्त दिला तर पाय घसरतो,
कमी दिला तर म्हातारी माणसं वायपर घेऊन उभी राहतात
आणि मिस्त्रीच्या आईचा उद्धार करतात.

लिंबराजला तेवढंच जमायचं नाही. जोर.
तवा तापायच्या आधी भाकरी टाकणारा गडी.
पहिलाच फटका पवनचक्कीच्या पात्यावर,
चेंडू तळ्यात. टुब्.
"राहू द्या, पुढच्याला बघतो."
पुढच्यालाही टुब्.
टाईलसुद्धा अशीच ठोकायचा, रबरी हातोडीनं.
दोन फुटल्या की माझ्याकडं न बघता
तंबाखू आणायला चौदा मजले खाली.

एकदा फ्लॅटवाल्या नेर्लेकर मॅडम आल्या.
पर्समधून काचेची गोटी काढली,
यूट्यूबवर बघितलं म्हणाल्या,
आणि बाथरूमच्या उंबऱ्यापाशी अलगद ठेवली.
साहेब गप्प. सुपरवायझर गप्प.
वरच्या मजल्यावरचा ग्राइंडरसुद्धा नेमका तेव्हाच थांबला.
गोटी जराशी विचारात पडली.
मग निघाली, कमोडला वळसा घालून, सावकाश,
जसा कुणी तिला घरचा पत्ता सांगितलाय,
आणि जाळीवर जाऊन टिक् वाजली.
मागून लिंबराज, दबक्या आवाजात:
"एका फटक्यात, मिस्त्री."
आम्ही का हसलो ते मॅडमना कळलं नाही.

घरी जाताना गोल्फ क्लब चौकाचा सिग्नल लागतो.
भिंत, भिंतीवर जाळी, जाळीमागं झाडं.
आत खरा खेळ चालतो म्हणतात.
या चौकातून जन्म गेला, आत कधी गेलो नाही.
जावं असंही नाही. डोक्यात येतं ते वेगळंच:
एवढ्या मोठ्या गवताला ढाळ कुणी दिला असेल,
आणि पाणी काढलंय कुठं?
मागचा हॉर्न मारतो.

दसऱ्यानंतर लिंबराज हैदराबादला गेला,
मेव्हण्याच्या ठेक्यावर. रोजाला दीडशे जास्त.
जा म्हणालो.
थापी त्याची होती, घेऊन गेला.
हातोडी माझी होती, तीही गेली.
सातव्या गलीपाशी आमचा डाव अर्धा राहिला.
मी माझा फटका मारून ठेवला.
मोबाईल म्हणतो: समोरच्याची पाळी.
अकरा दिवस तेच म्हणतोय.
नव्या पोऱ्याचा हात हलका आहे.
टाईल फुटत नाही. बोलतही नाही.

आज दुपारी गोणीवर बसलो
आणि फोन थरथरला.
पवनचक्की फिरायला लागली. चेंडू हलला.
केवढा जोर, लेका!
पुलाच्या वरून, झेंड्याच्या वरून, थेट

टुब्.

मी एकटाच हसलो. पोऱ्यानं ग्राउट कालवता कालवता वर बघितलं.
आता पाळी माझी.
मारीन संध्याकाळी, सिग्नलला नाहीतर घरी.
तोवर राहू दे
पाणी हलतं.