हातचा एक

औरादेबाई बेरीज उर्दूत करायच्या.
फळ्यावर मराठी आकडे, ओठांत मात्र
सात आणि आठ पंद्रा, पाच मांडले, हासिल एक.
आम्ही अकराजणी तोंडाला पदर लावून हसायचो.

त्यांनी हसू दिलं. एकदाच म्हणाल्या,
मी ज्या जबानीत शिकले ती माझ्या आईला येत नव्हती,
आईची माझ्या वर्गात चालत नव्हती.
गणित तेवढं दोघींना कळायचं:
ती ज्वारी पायलीनं मोजायची, मी कागदावर.

उदगीरहून विकाराबाद, तिथं गाडी बदलायची,
ट्रंकेवर बसून उरलेली रात्र हैदराबादपर्यंत.
वडिलांनी गावात सांगितलेलं, पोरगी मावशीकडं गेलीय.
चार वर्षं मावशीकडं.
मावशी नव्हतीच.

कॉलेज म्हणजे तेव्हा सरकीच्या गोदामातल्या पाच खोल्या.
पहिल्या दिवशी स्टाफरूममधले सगळे उठून उभे राहिले.
आदर म्हणावा, तर परत कुणी बसेना.
त्या बसल्या. वही काढली.

बायकांसाठी मोरी नव्हती.
सकाळी घोटभर चहा, मग साडेपाचपर्यंत
पाण्याचा थेंब नाही.
सहा वर्षं.
हे त्यांनी नाही सांगितलं;
मूतखडा काढला तेव्हा डॉक्टर बोलले.

प्राचार्य झाल्यावर संस्थेनं विचारलं,
आधी काय बांधायचं, सभागृह की वाचनालय?
इतिवृत्तात त्यांच्या अक्षरात आहे:
मुलींसाठी संडास, तीन. कडी आतून.
अध्यक्ष म्हणाले, शेवटचे दोन शब्द खोडा, बरं दिसत नाही.
खोडलेले नाहीत.

सुट्टीत एसटीनं हिंडायच्या. देवणी, जळकोट, हंडरगुळी.
आमच्या ओसरीवर बसल्या, चपलांना काळी माती.
बाप म्हणाला, पोरीला काय कलेक्टर करूलालाव का बाई?
तीन वर्षं उसनी द्या, म्हणाल्या, लेखी देते.
आणि दिलं खरंच, तारीख घालून, सही करून.
सातबाराच्या पिशवीत तो कागद अजून आहे.
परत करायची तारीख तेवढी कोरी.

रेवम्माला त्यांनी दोन मार्कांनी नापास केलं,
सासरचे पास होण्यावर अडून बसलेले असताना.
ती पुन्हा कॉलेजात दिसली नाही.
मी एकदा विचारलं, दोन मार्क द्यायचे होते ना बाई.
त्या चष्मा पुसत राहिल्या,
काच स्वच्छ होती तरी.

गेल्या त्या वर्षी गोदामाची जागा मॉलनं घेतली.
कॉलेज आता हायवेला, मुली स्कुटीवरून येतात,
संडासाच्या कडीकडं कोण बघतंय.

परवा फळ्यावर मांडता मांडता
माझ्याच तोंडून निघालं, हासिल एक.
उर्दूचं अक्षर येत नाही मला.
मागच्या बाकावरची नुसरत म्हणाली,
मॅडम, उच्चार चुकला.

मी खडू खाली ठेवला.
सांग म्हटलं.