छत्रीची काडी

शेळी बॉनेटवर चढली, तिथून टपावर,
लिंबाची खालची डहाळी ओढायला,
आणि उतरताना तिनं माझ्या गाडीचा एरियल
असा मोडला, जसं आपण
मुळ्याचं शेपूट मोडतो.
उईकेबाई म्हणाल्या, मुका जीव हाये बाप्पा,
त्याले काय समजते तुमचा रेडू.
आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या,
दंड म्हणून.

दोन महिने नुसता खरखराट.
कारंजा ते मानोरा, मानोरा ते दिग्रस,
मागच्या सीटवर गुरांच्या लसींची थंड पेटी
आणि समोरच्या काळ्या डब्यात
कोणीतरी न थांबता गहू पाखडतंय.

ह्या गाडीचं आता काही येत नाही,
अकोल्याचा दुकानदार म्हणाला.
स्क्रीन बसवा साहेब, हजार गाणी मावतात.
मला गाणी नको होती.

फाट्यावर पुंजाजी तायड्यांचं दुकान.
विहिरीवरच्या मोटारी भरतात ते.
उजवा कान कधीच गेला, डावा ते
डॉक्टर लावतो तसा डॅशबोर्डला लावतात.
स्क्रू काढला. बुडाशी हिरवा गंज.
"अर्थिंग तं पहिलेच सडलं होतं," म्हणाले,
"शेरडाले उगाच बदनाम केलं."
मग उरलेल्या खुंटावर बोट ठेवलं
आणि डब्यातून एकदम माणूस बोलला.
बोट उचललं, गहू.
ठेवलं, माणूस.
"पाहा, मीच हावो एरियल.
न्या मले दिग्रसले."

खरं तर मला न्यायचं होतं त्यांना.

माझी बहीण मंगळवारी बाजारभाव वाचते.
हंगामी आहे, महिन्यात चार पाळ्या, कधी तीन.
लहानपणी घरात तिला भोंगा म्हणायचे.
पोरीचा आवाज वेशीपर्यंत जाऊ नये, असं बाबांचं मत.
आता जातो.
वेशीवरून जातो, धुऱ्याधुऱ्यानं जातो,
तूर, हरभरा, सरकी, कमीत कमी, जास्तीत जास्त,
आणि "रुपये" म्हणताना ती "रु" किंचित लांबवते,
जेवायला बोलवताना माझं नाव लांबवायची तसा.
फोन आहे की. रोज बोलता येतं.
पण फोनवर ती फक्त माझ्याशी बोलते.

पुंजाजी आत गेले ते मोडकी छत्री घेऊन आले.
एक काडी उपसली, कानशीनं घासली,
मोटारीतली तांब्याची तार गुंडाळली तिच्या पायाशी,
कथलाचा थेंब, राळेचा धूर,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी.
टोकाला पेनाचं निळं टोपण बसवलं.
"कोनाचा डोया नको जायाले."

थेंब निवेपर्यंत आम्ही दंडाच्या शेंगा फोडल्या.
समोरून ट्रॅक्टर गेला, ट्रॉलीत एक नवरदेव
आणि बरीच भांडी.

मग बटण दाबलं.
कोणी एक गृहस्थ, घशात बडीशेप अडकल्यासारखे,
सोयाबीन वाचत होते.
स्वच्छ. पानं उलटल्याचा आवाजही येत होता.
"लागला!" पुंजाजी ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसे,
मग माझ्या तोंडाकडे पाहून जरा हळू,
"का बा? हा नाही पायजे होता?"
म्हटलं, हाच. आज बुधवार ना.
त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

पैसे किती? "मजुरी साठ.
काडीचं तिले विचारा, छत्री तिची हाये."
आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.
मी शंभर ठेवले.

मानोऱ्याच्या उतारावर काडी शिट्टी वाजवते,
साठच्या वर गेलं की, बारीक,
बोलणाऱ्याच्या मधे मधे.
मी काटा पंचावन्नवर धरून ठेवतो.
मागून हॉर्न देतात. देऊ देत.
मंगळवारला अजून सहा दिवस आहेत.