धक्का कुठं जातो

आधी परवाना बघितला, शिक्का उजेडात धरून.
मग बंदूक.
उद्यमनगरात सतरा वर्षं लेथ चालवतोय,
एवढी सडपातळ नळी हाताखालून गेली नव्हती.
कुणीतरी डोंगर चढायला हलकी म्हणून घडवलेली,
आणि काडतूस मात्र रेड्याच्या ताकदीचं.

कागलची पोरगी. मृणालिनी इंगवले.
कॉलर जराशी सरकवली तिनं,
खांदा वांग्याच्या सालीसारखा.
"लई मारतीया?"
"मार सोसतो हो. पण तिसऱ्या गोळीपासनं
चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो.
मिटू नको म्हणते,
तरी."

दारातल्या स्टुलावर तिचे आबा,
जुन्या तालमीतलं शरीर,
कान मुडपलेले, भज्यांसारखे.

जुन्या पेपरवर मी तीन ब्रेक मांडले.
एक चहूबाजूंनी भोकांचा,
पालथं पडून मारलं की खालची भोकं माती उडवतात,
लक्ष्य धुळीत, तोंडात कचकच.
दुसरा दांडगा, दोन्ही कुशींना खिडक्या,
निम्म्याहून जास्त धक्का खाणारा,
पण ह्या नळीवर म्हणजे
पोराच्या डोक्यावर बापाचा फेटा.
तिसरा बारका, नळीच्याच अंगाचा.
थोडं खातो, बाकीचं खांद्याला ठेवतो.

कॅलिपर लावला. चष्मा बदलला. परत लावला.
आटे पाडल्यावर भिंत किती उरते
ते पेन्सिलीनं पेपरच्या कडेला लिहिलं,
एका श्रद्धांजलीच्या फोटोशेजारी.

"हे बघा बाई, धक्का कुणी गिळत नाही.
तो नुसती वाट बदलतो.
तुमच्याकडं येणारा वारा
ह्या खिडक्या कुशीला ढकलतात, आवाजासकट.
तुमच्या कुशीला कोण असतं?"

ती थांबली.
"आबा. डाव्या हाताला.
दुर्बीण, वही, पेन्सिल घेऊन."

आबा स्टुलावरनं उठले.
"मला काय हुतंय? कान तालमीतच गेले.
हलगी वाजली तरी कळत न्हाई.
मोठाच बसवा."

अकरा वर्षं मी फाउंड्रीत काढली आहेत.
बहिरं माणूस समोरच्याचे ओठ बघतं.
आबा माझा हात बघत होते,
दांडग्या ब्रेककडं जातोय का म्हणून.

लाईट गेलेली. सगळी लाईन गप्प,
पलीकडचा ग्राइंडरसुद्धा.
मी ट्रेमध्ये काहीतरी हुडकल्यासारखं केलं
आणि त्यांच्या पाठीमागं
एक बारका स्क्रू फरशीवर सोडला.

टिक.

मान वळली.
स्क्रू गडगडत लेथखाली जाईपर्यंत
वळतच राहिली.

मग आमची नजर मिळाली.
पाठ टेकल्यावर, पंचाचा हात वर जायच्या आधी,
पैलवानाला जे कळतं
ते त्यांच्या तोंडावर होतं.
पोरगी तेवढ्यात पिशवीत कागद ठेवत होती.
तिनं काही बघितलं नाही.
किंवा बघितलं असेल. कागद चारच होते,
वेळ फार लागला.

लाईट आली. लेथ खाकरला.
मी तिसरा उचलला, बारका.
"नळी बारीक आहे," म्हणालो,
"मोठ्याचे आटे पेलणार न्हाई."
हे निम्मं खरं होतं.
उरलेलं निम्मं लेथखाली पडलं होतं.

"दस्त्याला जाड रबर लावू.
दस्ता तुमच्या हाताला लांब पडतोय,
मागनं जरा कापू, मग खांद्यात नीट बसंल.
अजून मारंलच. पण डोळा मिटायच्या बेतानं न्हाई."

तिनं मान हलवली. ॲडव्हान्स काढला,
नोटा दोनदा मोजल्या.

मी तोंड भिंतीकडं केलं, चक घट्ट करत,
मशीनच्या घरघरीत, जवळजवळ मनातच म्हणालो,
"आणि आबा, रेंजवर कानाला काहीतरी लावत चला."

"लावतो,"
आबा म्हणाले.

नोटा मोजणारी बोटं थांबली.